मालकाचा रकाना

‘मोट’ हा शब्द माझ्या संगणकात बारा-तेरा वर्षं आकड्यांच्या वेषात राहिला. ३४०, २४४, २५६, ३४०, २४५, २१३, ३४०, २४४, २३७. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत गिटला, म्हणजे फाइलींतला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रोग्रामला, विचारलं, काय काय बदललंय, की तो प्रत्येक आकड्याआधी एक तिरकी रेघ मारून ही माळ पुढे ठेवायचा. देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला संगणकात तीन घरं लागतात. म, त्याच्यावरची ओकाराची मात्रा आणि ट, अशा तीन खुणा. म्हणून नऊ आकडे. रोमन अक्षरांपलीकडचं फाइलीचं नाव दिसलं की गिट ते असं सांकेतिक करून दाखवतो. सेटिंगमध्ये एक ओळ घातली की ही सवय सुटते, पण ती ओळ मी घातली नव्हती. बघून बघून आकडेच ओळखीचे झाले होते. ३४० आणि २४४ जोडीनं आले की आपल्या लिपीतलं कुणीतरी दाराशी आलंय एवढं कळायचं. कोण आलंय ते कळायला फाइल उघडावी लागायची.

या फाइली मामांच्या. वाईच्या पलीकडे, धोम धरणाच्या अलीकडे त्यांचं गाव. ३६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून ते निवृत्त झाले आणि एक काम त्यांनी हातात घेतलं: आपल्या डोळ्यांदेखत वापरातून गेलेल्या वस्तूंची नावं लिहून ठेवायची. मोट गेली तशी तिच्याबरोबर नाडा, सोल आणि थारोळंही गेलं. पायली गेली तेव्हा आधोली, मापटं, चिपटं, निळवं अशी सगळी भावंडंच घर सोडून गेली. मामा नुसता शब्द आणि अर्थ लिहीत नसत. तो कुणाच्या तोंडून ऐकला, कुठल्या वाक्यात ऐकला, वस्तू घरात कुठे टांगलेली असायची, हेही लिहीत. २०११ साली पाच दोनशेपानी वह्या पिशवीत घालून ते पुण्याला माझ्याकडे आले आणि म्हणाले, “हे संगणकात ठेव. पण खोडलेलं दिसलं पाहिजे.”

वहीत चूक झाली तर मामा तिच्यावर एकच आडवी रेघ मारत. खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा शाळेपासूनचा नियम. मुलानं काय चुकवलं हे दिसलं नाही तर शिकवायचं कुठून, असं ते म्हणत. संगणकात खोडलं की मागे काहीच उरत नाही, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. मी तेव्हा दिवसभर गिटवरच काम करत होते. आडवी रेघ मारून खोडायची सोय माझ्याकडे तयारच होती. वजाची खूण असलेली ओळ म्हणजे आधी काय होतं, अधिकची खूण असलेली ओळ म्हणजे आता काय आहे. मामांना हे एका संध्याकाळी समजलं. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी आज्ञा देवनागरीत उतरवून घेतल्या: गिट ॲड, गिट कमिट, गिट पुश. पुढे कंसात लिहिलं, ‘रेंज असेल तरच.’

त्या कंसामुळे एक गोष्ट माझ्या नजरेतून निसटली, पण ते मला फार उशिरा कळलं.

गावात रेंज असायची-नसायची. मामा आपल्या लॅपटॉपवर लिहीत, कमिट करत, म्हणजे झालेला बदल वेळेसकट नोंदवत, आणि कधीतरी सकाळी एसटी स्टँडच्या बाजूला रेंज सापडली की पाच-सहा दिवसांचं एकदम पुश करत. माझ्याकडे ते सगळं एकाच वेळी येऊन पडायचं. मी ऑफिसात चहा पिताना बघायचे, मामांकडून चौदा शब्द आले. बरं वाटायचं. चौदा शब्द चौदा वेगवेगळ्या वेळी लिहिलेले असतात, हे मनात यायचं नाही.

एकदा ‘धाव’ या शब्दावर आमची टक्कर झाली. मी एका जुन्या कोशात बघून लिहिलं होतं: बैलगाडीच्या चाकाला बसवलेली लोखंडी पट्टी. त्याच आठवड्यात मामांनी लिहिलं होतं: विहिरीपासून खाली उतरत गेलेली वाट, जिच्यावरून मोटेचे बैल पुढे-मागे करतात. दोघांनी एकाच ओळीला हात घातला की गिट थांबतो. तो कुणाचीच बाजू घेत नाही. वर एकाचं, खाली दुसऱ्याचं, मध्ये बरोबरच्या चिन्हांची रेघ अशी मांडणी करून निकाल माणसांवर सोडतो. मामांना फोन केला. ते म्हणाले, “दोन्ही ठेव. लोहार आला तर तुझी धाव, पाणी द्यायचं असेल तर माझी.” ते कमिट अजून आहे. दोन फाटे एकमेकांत मिसळतात तिथं त्यांनी मला फोनवर सांगून एकच शब्द लिहायला लावला होता: समेट.

गेल्या वर्षी मामांना पंचाहत्तरावं लागलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि काळ्या खिडकीतली बारीक अक्षरं त्यांना सोसत नव्हती. ते म्हणाले, “आपण एवढं काय काय केलं ते मला एकदा सलग बघायचंय. पुस्तक उलटून बघतो तसं.”

गिटहबवर चढवलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. पण हे जगासमोर ठेवायचं की नाही, हे मामांचं ठरलं नव्हतं. कितीतरी नोंदींत गावातल्या माणसांची बोलणी जशीच्या तशी होती. म्हणून पावसाळ्यातल्या एका शनिवारी मी टेबलाखालचा जुना संगणक पुसून घेतला, त्यावर डेबियन चढवलं, अपाची सर्व्हर घातला आणि गिटवेब, म्हणजे गिटमधलं सगळं ब्राउझरमध्ये दाखवणारं पान, मांडायला बसले.

गिटवेब ही एकच पर्ल फाइल आहे. गिटचा जन्म २००५ च्या एप्रिलमधला. लिनस टॉरव्हाल्ड्सनी तो लिनक्स कर्नलसाठी लिहायला घेतला आणि त्याच वर्षी के सीव्हर्स यांनी त्याला ही खिडकी करून दिली. पुढच्या वर्षी ती गिटच्याच रेपोत, म्हणजे फाइली आणि त्यांचा इतिहास राहतो त्या कोठारात, सामावली गेली. कर्नलचा रेपो आता सी भाषेत लिहिलेल्या सीगिटमधून दिसतो, तो भरभर चालतो आणि त्याचं रूपही जास्त नेटकं आहे. मला मात्र जुनं गिटवेबच आवडतं. फिक्या राखाडी पट्ट्या, एकाआड एक करड्या ओळी, सरकारी वाचनालयातल्या नोंदवहीसारखं शांत पान. त्यात काही लुकलुकत नाही. कुणी किती तारे दिले ते विचारत नाही.

मांडणी अवघड नसते, फक्त मनापासून करावी लागते. एका कॉन्फिग फाइलीत सांगायचं की रेपो कुठल्या फोल्डरात आहेत. साइटचं नाव द्यायचं. अपाचीला सांगायचं की या फोल्डरातली फाइल नुसती दाखवू नकोस, चालव. कॉन्फिग फाइलही पर्लचीच, त्यामुळे ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला तर सगळं पान बंद पडतं. माझा एक राहिला होता, तो सापडायला अर्धा तास गेला. शेवटी पान उघडलं आणि त्यावर एकच वाक्य होतं: ४०४, एकही प्रोजेक्ट सापडला नाही.

फोल्डर बरोबर होता. रेपो जागेवर होता. परवानग्या तीनदा बघितल्या. मग अपाचीच्या एरर लॉगमध्ये खरं कारण दिसलं. गिटचं म्हणणं होतं की या रेपोची मालकी संशयास्पद आहे.

रेपो माझ्या खात्याच्या नावावर होता आणि वेब सर्व्हर वेगळ्या खात्यातून चालतो. एप्रिल २०२२ पासून गिटनं हा पहारा बसवला आहे. अनेकजण वापरतात अशा संगणकावर कुणी दुसऱ्यानं रेपो मांडून ठेवला, त्याच्या सेटिंगमध्ये एखादी घातक आज्ञा दडवून ठेवली आणि तुम्ही बेसावधपणे तिथं जाऊन गिट चालवला, तर ती आज्ञा तुमच्या नावानं चालेल. म्हणून दुसऱ्याच्या मालकीचा रेपो दिसला की गिट उंबऱ्यावरच थांबतो. त्याला आत बोलवायचं तर आपण लिहून द्यावं लागतं की ही जागा खात्रीची आहे. मी ती ओळ लिहून दिली आणि पान ताजं केलं. मामांचा रेपो यादीत आला.

‘मालकी संशयास्पद’ हे शब्द मात्र डोक्यात राहिले. बाहेर पाऊस लागला होता. गावच्या बोलीतल्या शब्दांचा संग्रह, आणि त्याच्या दारात हा प्रश्न.

यादीच्या पानावर चार रकाने असतात: प्रोजेक्ट, वर्णन, मालक, शेवटचा बदल. वर्णनाच्या रकान्यात गिटनं आपणहून घातलेलं वाक्य होतं. हा अनामिक रेपो आहे, नाव द्यायचं तर ही फाइल बदला, अशा अर्थाचं. म्हणजे इतकी वर्षं या बाळाचं बारसंच झालं नव्हतं. मी फाइल उघडून लिहिलं, ‘मामांचे शब्द’. मालकाच्या रकान्यात माझं नाव दिसत होतं, कारण वेगळं सांगितलं नाही तर गिटवेब ते फोल्डर ज्या खात्याचं असेल त्याचंच नाव उचलतो. हे बरोबर नव्हतं. तिथं मामांचं नाव घातलं. तेवढ्यानं समाधान झालं आणि मी पुढच्या गोष्टीकडे वळले.

एक सोय मला फार आवडली. रेपो लोकांना दाखवायचा की नाही, हे ठरवायला गिटवेबला एक खूण शिकवता येते. ठराविक नावाची एक फाइल रेपोत असली तरच तो यादीत येईल, नसली तर नाही. ती फाइल रिकामी असते. आत अक्षर नाही, आकडा नाही. तिचं तिथं असणं हाच होकार. लग्नघरातून अक्षत येते तेव्हा तांदळाच्या चार दाण्यांवर काही लिहिलेलं नसतं, पण बोलावणं पोचतं. मामा हो म्हणतील त्या दिवशी ती फाइल ठेवायची, असं ठरवून मी ती जागा मोकळी सोडली आणि पान घरापुरतंच ठेवलं.

ब्लेम सुरू करावं का, यावर बराच वेळ गेला. गिटवेबमध्ये ते मुळात बंद असतं. सुरू केलं की फाइलीतल्या प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला ती शेवटी कुठल्या कमिटमध्ये बदलली ते येतं आणि त्यावरून कुणी बदलली ते. ब्लेम म्हणजे दोष. ओळ बिघडलेली सापडली की ती कुणाची ते शोधायचं, या गरजेतून आलेलं नाव. सबव्हर्जनमध्ये याच आज्ञेला आणखी एक नाव आहे, प्रेझ. आज्ञा तीच, उत्तरही तेच, विचारणाऱ्याचं मन तेवढं वेगळं. आमच्या रेपोत मला ते दुसऱ्या नावानं हवं होतं. कॉन्फिगमध्ये शून्याच्या जागी एक लिहिला.

मग मी खरोखर पुस्तक उलटावं तसं बघत बसले. ‘मोट’ पहिल्यांदा ‘मोट’ म्हणून दिसली. गिटवेबला ते आकड्यांचं सोंग लागत नाही, फाइलींची नावं आपल्या अक्षरांत येतात. तिच्या वर नाडा, निळवं, पाट, पायली. गावच्या चावडीत सगळी बसलेली असावीत आणि आपण दारातून बघावं तशी. लॉगच्या पानावर एकाखाली एक कमिट होते, प्रत्येकाला मामांनी दिलेला एखाद-दुसऱ्या वाक्याचा मथळा आणि त्याच्याजवळ तारीख-वेळ. वेळ दोनदा येते, एकदा जागतिक आणि कंसात लिहिणाऱ्याच्या घड्याळाची. मामांच्या प्रत्येक कंसात पुढे अधिक ०५३०.

त्यातल्या काही वेळा लाल होत्या.

मला आधी वाटलं काही चुकलंय. पर्लची फाइल उघडून शोधलं. चूक नव्हती. लिहिणाऱ्याच्या घड्याळात सहा वाजायच्या आधीची वेळ असेल तर गिटवेब तिला लाल करतो. स्टाइलशीटमध्ये त्या रंगाच्या वर्गाला नावही दिलेलं आहे, ‘ॲटनाइट’. रात्री जागून काम करणाऱ्यांच्या जगातल्या कुणाला तरी वाटलं की मध्यरात्र ते सहा या वेळात केलेलं काम वेगळं ओळखू यावं. का वाटलं असेल, यावर मी विचार करत राहिले. रात्री लिहिलेलं तपासून घ्यावं म्हणून असेल. कुणीतरी जागं होतं याची नोंद राहावी म्हणूनही असेल.

मामांच्या बहुतेक लाल वेळा चार पस्तीस, चार पन्नास, पाच दहा अशा होत्या. त्या बघून मला त्यांचं घर दिसलं. मामा जन्मभर साडेचारला उठत आले. तोंड धुऊन, बंबात जाळ घालून, ओट्यावर बसून लिहायचे. ती रात्र नव्हे, पहाट. आपल्याकडे त्या वेळेला स्वतःचं नाव आहे, गाणी आहेत, जातं आहे. गिटवेबच्या हिशेबात दिवस नाहीतर रात्र एवढंच. तो लाल रंग मला तेव्हा नुसता परका वाटला, आणि मी पुढे सरकले.

२०१९ च्या पावसाळ्याशी आल्यावर वेळा बदलल्या. एक चाळीस. दोन पाच. तीन वीस. पुन्हा एक चाळीस. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. पान खाली नेत राहिले तरी लाल संपेना. पहाटेचा माणूस तीन महिने मध्यरात्री लिहीत होता.

मी एक कमिट उघडलं. अधिकच्या हिरव्या ओळींत शब्द होते: उतरंड, शिंकाळं, फुंकणी. पुढचं उघडलं: चुलवण, वैल, भाणवस. त्याच्या पुढचं: रवी, परात, काथवट. त्या तीन महिन्यांतले सगळे शब्द स्वयंपाकघरातले होते. त्याच्या आधीची आठ वर्षं मामा शेतात, विहिरीवर, गाडीवर, बाजाराच्या मापांत होते. चुलीजवळचा एक शब्द त्यांनी लिहिलेला नव्हता, आणि मलाही त्याची आठवण झाली नव्हती.

त्या पावसाळ्यात मामी अंथरुणाला खिळल्या होत्या. रात्री दुखणं वाढायचं, झोप यायची नाही. त्या ऑक्टोबरअखेर गेल्या. हे सगळं मला ठाऊक होतं. मी दोनदा जाऊन आले होते, डबे नेले होते, उशाशी बसले होते. त्या काळात मामांकडून शब्द येत होते हेही ठाऊक होतं. या संकटातही यांनी काम सोडलं नाही, असं मी कुणाला तरी कौतुकानं सांगितलंही होतं. दोन गोष्टी माझ्याकडे दोन वेगळ्या खणांत पडून होत्या. त्या रात्री एक रंग मध्ये आला आणि दोन्ही एकमेकांत मिसळल्या. मामी सांगत होत्या. मामा लिहीत होते. दुखणं विसरायला म्हणून असेल, नाहीतर जाता जाता घर कुणाच्या तरी हाती द्यावं तसं असेल. काथवटीच्या नोंदीखाली वाक्य होतं: ‘काथवट ओली ठेवू नये, चिरते.’ हे मामांचं वाक्य नाही. मामांनी जन्मात काथवट धुतली नव्हती.

डावीकडे ब्लेमचा रकाना बघितला. प्रत्येक ओळीपुढे मामांचं नाव.

रंगाचं काय करावं, हे मला कळेना. मामा हे पान बघणार होते. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांनी, मोठ्या अक्षरांत, सलग. त्या तीन महिन्यांपाशी आले की प्रत्येक रात्र त्यांच्यासमोर लाल होऊन उभी राहणार. कमिटची वेळ बदलता येत नाही असं नाही. पण प्रत्येक कमिटच्या ४० अक्षरी खुणेत त्याच्या आधीच्या कमिटची खूण गुंफलेली असते; एक वेळ बदलली की तिथून पुढचा सगळा इतिहास नव्या खुणांचा होतो. ते करायचं माझ्या मनात आलं नाही. रंग मात्र माझ्या हातात होता. गिटवेबला स्वतःची स्टाइलशीट जोडता येते. मी एक ओळ लिहिली आणि लाल अंक बाकीच्यांसारखेच झाले. तीच लाल छटा खोडलेल्या ओळींनाही असते, वजाच्या खुणेच्या. तिथली मी तशीच ठेवली. खोडलेलं दिसलं पाहिजे, ही मामांची अट होती.

दिवाळीत गावी गेले. फराळ झाल्यावर म्हटलं, चला, तुमचं पुस्तक दाखवते. रेंज नव्हती. पुण्याचा सर्व्हर तिथून दिसेना. मामा खुर्ची ओढून, चष्मा पुसून बसले होते, त्यांना नंतर बघू म्हणवेना. गिटमध्ये प्रत्येकाजवळची प्रत पूर्ण असते. मामांच्या लॅपटॉपवर पहिल्या कमिटपासून सगळं होतंच. इन्स्टावेब नावाची एक आज्ञा आहे. रेपोच्या फोल्डरात उभं राहून ती दिली की तिथल्या तिथं गिटवेब उघडतं, १२३४ क्रमांकाच्या दारावर. मी ती दिली. पान उघडलं आणि मग माझ्या लक्षात आलं की माझी स्टाइलशीट पुण्यात राहिली. वर्णनही पुण्यातच राहिलं होतं, ती फाइल प्रतीबरोबर जात नाही. इथं रेपो अनामिकच होता, आणि वेळा लाल.

मामांनी लॉग उघडायला लावला. सुरुवातीचेच दोन-चार लाल अंक बघून विचारलं, “हे तांबडं कशाला?”

“सहाच्या आधी लिहिलं की तसं होतं. रात्रीचं काम म्हणून.”

“पावणेपाच म्हणजे रात्र कुठली?” ते म्हणाले. “कोंबडा आरवून गेलेला असतो.”

मग ते स्वतःच खाली सरकवत गेले. माउसचं चाक ते एका बोटानं, थांबत थांबत फिरवतात. २०१९ आलं तेव्हा बोट थांबलं. मी काही बोलले नाही. आत सुनेनं कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. मामांनी एक चाळीसचं कमिट उघडलं आणि पुटपुटत वाचायला लागले, शाळेत हजेरी घेतात त्या आवाजात. चुलवण. वैल. भाणवस. मग परत वर गेले.

“हे चुकलंय.”

“काय?”

“वैल. ती अवल म्हणायची. तिच्या माहेरी अवलच. मी दुसऱ्या दिवशी पुस्तकात बघितलं आणि वैल करून टाकलं.” त्यांनी वैलच्या जरा वर बोट ठेवलं. तिथं ती ओळ होती. वजाच्या खुणेची, तांबडी, अवल. तिच्याखाली अधिकची, हिरवी, वैल. मामा त्या तांबड्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले.

“परत घालू या,” मी म्हटलं. “धावेसारखं. दोन्ही ठेवू.”

त्यांनी फाइल उघडली. वैलच्या वर एक ओळ वाढवून ‘अवल’ लिहिलं. व्याख्या लिहिली. कुणाच्या तोंडून ऐकला, त्या जागी मामींचं नाव लिहिलं, माहेरच्या गावासकट. मग कमिट करण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाले, “पण इथं डावीकडे माझंच नाव लागणार ना?”

कमिटच्या पानावर वर दोन ओळी असतात. एक लेखकाची, एक नोंदवणाऱ्याची. कर्नलच्या कामात कुणीतरी बदल लिहून ईमेलनं धाडतो आणि दुसरा कुणी तो रेपोत घालतो. दोघांची नावं राहावीत म्हणून गिटनं सुरुवातीपासून दोन जागा ठेवल्या. आमच्या रेपोत दोन्ही ओळींत नेहमी एकच नाव असल्यामुळे ती दुसरी ओळ मी वाचायचंच सोडून दिलं होतं. मामांना ते दाखवलं. म्हटलं, लेखक वेगळा लिहिता येतो. नोंदवणारे तुम्ही.

त्यांनी वही आणली. शेवटच्या पानावर, तेरा वर्षांपूर्वीच्या आज्ञांच्या खाली, नवीन आज्ञा उतरवून घेतली. मग सावकाश टंकली. ऑथर, बरोबरची खूण, अवतरणचिन्ह, मामींचं पूर्ण नाव. त्यापुढे दोन कोनांची खूण लागते आणि त्या कोनांत ईमेल.

“इथं काय?”

“पत्ता लागतो,” मी म्हटलं.

मामांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. “कुठला पत्ता देऊ?”

मला उत्तर सुचलं नाही. थोड्या वेळानं ते उठले आणि मागच्या दारानं परसात गेले. तिथं जुनं चुलवण अजून आहे, पाणी तापवायला वापरतात. वाकून ते काहीतरी बघत होते, बहुधा अवलीचं तोंड. पडद्यावर दोन कोनांमधली जागा तशीच मोकळी होती. मी लॅपटॉप मिटला नाही आणि एंटरही दाबलं नाही.